दुर्बीण, सहल की कार्यशाळा?

पत्राचा सारांश

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू भागातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. वर्ग पहिली ते चौथी, पट सत्तावीस. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा शाळेच्या टीव्हीसमोर निम्मं गाव जमलं होतं. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला शाळेत थर्माकोलची रॉकेटं होतात, भाषणं होतात, आणि आठवड्याभरात सगळं विरून जातं. यंदा गावाने वीस हजारांची लोकवर्गणी जमवली आहे. मुख्याध्यापकांना त्यातून रॉकेट बनवण्याची कार्यशाळा हवी आहे, शाळा व्यवस्थापन समितीला दुर्बीण, आणि बाईंना तारांगणाची सहल. काही पालक म्हणतात, हे सगळं सोडा, शिष्यवृत्तीचे सराव पेपर आणा.

शेवटी त्या लिहितात: "मी कला शाखेची. चौथीतल्या एका मुलीने विचारलं, शुभांशू शुक्ला अंतराळात तरंगत का होते? मी म्हटलं, तिथे गुरुत्वाकर्षण नसतं. ती म्हणाली, मग चंद्र निघून का जात नाही? मी गप्प बसले. विज्ञान न शिकलेल्या बाईने मुलांना विज्ञानाची गोडी लावायची तरी कशी?"

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट वीस हजार रुपये नव्हेत, त्या मुलीचा प्रश्न आहे. तुम्ही दिलेलं उत्तर तिने ऐकलं, ते दुसऱ्या एका माहीत असलेल्या गोष्टीला लावून पाहिलं, आणि दोन्ही जुळत नाहीत हे तिच्या लक्षात आलं. प्राथमिक शाळेत विज्ञान यापेक्षा वेगळं काही नसतं. तुमच्या वर्गात गोडी नाही असं तुम्हाला वाटतं, पण ज्या वर्गात नऊ वर्षांची मुलगी बाईंचं उत्तर तपासून बघते आणि तसं बोलूनही दाखवते, तिथे बरंच काही नीट चाललेलं आहे. तिला तुमची भीती वाटत नाही, ही तुमचीच कमाई.

आधी तिचं उत्तर. शुक्ला जिथे राहून आले ते अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण चारशे किलोमीटरवर फिरतं. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. तरी माणसं तरंगतात, कारण स्थानक आणि त्यातली माणसं सतत पृथ्वीकडे पडत असतात. पण त्याच वेळी ती इतक्या वेगाने पुढेही जात असतात की पडण्याची वाट पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळत राहते आणि जमीन कधी येतच नाही. चंद्राचंही तसंच. निघून जात नाही कारण ओढ आहे, आदळत नाही कारण वेग आहे.

हे चौथीला सांगून पटणार नाही, दाखवावं लागेल. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीला तळाजवळ खिळ्याने भोक पाडा, पाणी भरा, झाकण उघडं ठेवा. भोकातून धार लागेल. आता कुणीतरी ओट्यावर उभं राहून बाटली तशीच खाली सोडून द्यायची. बाटली पडत असताना धार थांबते, कारण पाणी आणि बाटली एकाच वेगाने पडत असतात आणि पाण्याला बाटलीबाहेर ढकलणारं काही उरत नाही. मुलं म्हणतील, परत एकदा. पुन्हा सोडा. मोबाइलवर संथ गतीने चित्रण केलंत तर धार तुटताना स्पष्ट दिसेल. त्या मुलीलाच विचारा, बाटलीत मुंगी असती तर तिला कसं वाटलं असतं.

"तिथे गुरुत्वाकर्षण नसतं" हे उत्तर विज्ञान शाखेतले पुष्कळ लोकही देतात, ताई. त्यामुळे कला शाखेचं ओझं खाली ठेवा. तुमच्याकडे सगळी उत्तरं नसणार, माझ्याकडेही नाहीत. मुलांना उत्तरं देणारी व्यक्ती टीव्हीवर, मोबाइलवर कुठेही भेटेल. "मला माहीत नाही, आपण बघू या का?" असं म्हणून खरोखर बघणारी मोठी व्यक्ती मात्र त्यांना फार क्वचित भेटते. वर्गात एक प्रश्नांची वही ठेवा. मुलांनी विचारलेला प्रश्न त्यांच्याच शब्दांत, नाव आणि तारीख घालून लिहायचा. आठवड्यातून एकदा परिपाठात ती वही उघडायची आणि ठरवायचं: यातलं आपण स्वतः काय बघू शकतो, काय पुस्तकात शोधायचं, आणि काय कुणाला तरी पत्राने विचारायचं. मूळचे कोल्हापूरचे डॉ. जयंत नारळीकर मुलांनी स्वाक्षरी मागितली की सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तराखाली सही येईल. पुष्कळ मुलांना तशी उत्तरं गेली. जगभर नाव झालेल्या खगोलशास्त्रज्ञाला मुलांचा प्रश्न एवढा महत्त्वाचा वाटत होता.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीताबद्दल बोलते. दुर्बीण, सहल, कार्यशाळा या तिन्ही पर्यायांत अवकाश म्हणजे बाहेरून आणायची किंवा जाऊन बघायची गोष्ट आहे. २३ ऑगस्टच्या कार्यक्रमांचा रंग लवकर उडतो तोही मला वाटतं यामुळेच. मुलांनी दुसऱ्यांचं यश पाहिलं, टाळ्या वाजवल्या. त्यांना स्वतः करण्यासारखं त्यात काही नव्हतं. अभिमान वाटणं चांगलंच आहे, मलाही तो वाटतो. पण "भारत चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरणारा पहिला देश" हे वाक्य पाठ असलेलं मूल चंद्र आज किती वाजता उगवेल हे सांगू शकत नसेल, तर चंद्र त्याच्यासाठी टीव्हीतच राहिलेला असतो.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक महिना चंद्राला द्या. अमावास्येनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरुवात करा. प्रत्येक मुलाच्या वहीत तीस गोल काढून द्या. रोज संध्याकाळी दिवेलागणीला घराच्या एकाच ठिकाणाहून चंद्र बघायचा, गोलात तो दिसेल तसा रंगवायचा आणि कुठे दिसला ते लिहायचं: पाण्याच्या टाकीवर, लिंबाच्या शेंड्याशी, देवळाच्या कळसामागे. पहिल्या दिवशी कोर पश्चिमेला असेल. रोज ती थोडी फुगलेली आणि थोडी पूर्वेकडे सरकलेली दिसेल. अष्टमीला दिवेलागणीच्या वेळी अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर. पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमाराला चंद्र समोरून उगवतो. त्यानंतर मुलं तुमच्याकडे तक्रार घेऊन येतील: बाई, चंद्र सापडतच नाही!

ही तक्रार यावी म्हणून तर हा सगळा खटाटोप. उत्तर देऊ नका. विचारा, तुमच्या घरी संकष्टी कोण करतं? पौर्णिमेनंतरच्या चतुर्थीला चंद्र दिसल्याशिवाय न जेवणारी आजी गावातली सगळ्यात अनुभवी चंद्रनिरीक्षक असते. तिला ठाऊक असतं की त्या दिवशी चंद्र साडेआठ-नऊच्या पुढे, कधी दहाच्या सुमारासही येतो. दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. मुलांना ती पाहून पुढच्या तीन दिवसांचा अंदाज करायला सांगा. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो हे मुलांनी स्वतः शोधून काढलं तर ते जन्मात विसरणार नाहीत. आणि आजीचा उपास हा चेष्टेचा किंवा वादाचा विषय होऊ देऊ नका. तिच्या निरीक्षणापासून सुरुवात केली तर घरही शाळेच्या बाजूने उभं राहतं.

या महिन्यातला एक दिवस मात्र चुकवू नका. शुक्ल अष्टमीच्या आसपास शाळा सुटताना चंद्र पूर्वेकडे चांगला वर आलेला असतो, आणि कृष्ण अष्टमी-नवमीला परिपाठाच्या वेळी पश्चिमेला. भर दिवसा. मुलांना चंद्राचं चित्र काढायला सांगितलं की बहुतेक मुलं काळं आकाश आणि चांदण्या काढतात, त्यामुळे उन्हातला चंद्र पाहून ती चकित होतील. त्या वेळी चुन्याने रंगवलेला एक चेंडू काडीला खोचून उन्हात हात लांब करून चंद्राच्या शेजारी धरायला सांगा. चंद्राचा जेवढा भाग उजळलेला आहे, चेंडूचाही तेवढाच आणि त्याच बाजूने उजळलेला दिसेल. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीने होतात असं मुलांना वाटतं, मोठ्यांनाही वाटतं. ही समजूत फळ्यावरच्या कितीही आकृत्यांनी हलत नाही. हातातल्या चेंडूवर अष्टमी दिसली की तिथे पृथ्वीची सावली कुठून आली, हा प्रश्न मुलंच विचारतात. (सूर्याकडे थेट कधीच बघायचं नाही, हे आधी पक्कं सांगा. या प्रयोगात तशी गरजही पडत नाही, सूर्य पाठीशी किंवा बाजूला असतो.)

दिवसाचं दुसरं काम सावलीचं. पटांगणात एक मीटरची काठी उभी रोवा आणि शाळेच्या वेळात दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. सगळ्यात आखूड सावली बारा वाजता पडेल, असं सगळे म्हणतील. पडणार नाही. आपली घड्याळं पूर्व रेखांश ८२.५ अंशांच्या वेळेवर चालतात आणि तुमचं गाव त्याच्या बरंच पश्चिमेला आहे, म्हणून तुमच्याकडे खरी माध्यान्ह सरासरी साडेबारानंतर होते. नोव्हेंबरात जरा लवकर, फेब्रुवारीत पावणेएकच्या सुमारास. डिसेंबरात माध्यान्हीची सावली सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर भरेल. जूनमध्ये शाळा उघडल्यावर उघडीप मिळाली तर पुन्हा मोजा: सावली जेमतेम दहा सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेकडे! मे महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास तुमच्याकडे सूर्य नेमका डोक्यावरून जातो, मग ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्ही उत्तरेला असतो. "पृथ्वीचा अक्ष कललेला आहे" या वाक्याचा मुलांच्या पायाशी पडलेला पुरावा तो हाच.

अंतराचा अंदाज हा तिसरा भाग, यात सगळ्यांत जास्त मजा येते. फुटबॉल म्हणजे पृथ्वी, एक मोठासा चिकू म्हणजे चंद्र. आकाराचं प्रमाण जवळपास बरोबर आहे. आता चंद्र कुठे ठेवायचा ते मुलांना ठरवू द्या. तक्त्यांमध्ये तो पृथ्वीला जवळजवळ चिकटलेला असतो, त्यामुळे मुलं वीतभर, फार तर हातभर अंतरावर ठेवतील. खरं अंतर पृथ्वीच्या तीस व्यासांएवढं, म्हणजे साडेसहा मीटरहून थोडं जास्त. वर्गाच्या दारातून बाहेर जावं लागेल. शुक्ला ज्या स्थानकावर राहून आले ते या मापाने फुटबॉलपासून सात मिलिमीटरवर. आणि सूर्य? चोवीस मीटर व्यासाचा गोळा, अडीच किलोमीटरवर. तुमच्या शाळेपासून अडीच किलोमीटरवर काय आहे ते मुलांना शोधू द्या. हे झाल्यावर चांद्रयान-३ ला १४ जुलैपासून २३ ऑगस्टपर्यंत चाळीस दिवस का लागले, ते आधी पृथ्वीभोवतीच मोठ्या मोठ्या फेऱ्या का मारत होतं, या बातम्यांना अर्थ येतो.

शुक्ला यांच्या मोहिमेतली आणखी एक गोष्ट तुमच्या गावाच्या फार जवळची आहे. २०२५ च्या जून-जुलैमध्ये स्थानकावर त्यांनी मूग आणि मेथीचं बी रुजवलं. तुमच्या प्रत्येक मुलाच्या घरी यातलं काहीतरी डब्यात असेल. ओल्या कापडावर बी रुजवा, मूळ दोन बोटं लांब झालं की ताटली उभी धरून पाव फेरी फिरवा, म्हणजे खाली गेलेलं मूळ आडवं होईल. दोन दिवसांत मुळाचं टोक पुन्हा खाली वळलेलं दिसेल. मग विचारा, जिथे "खाली" असं काही जाणवतच नाही, तिथे मूळ कुठे जाईल? यावर पालकांशीही बोला, शेतकऱ्याला बियाण्याबद्दल मत असतंच. त्यांनाच मृगाबद्दलही विचारा. जूनमध्ये "मृग लागला" म्हणतात तेव्हा सूर्य आकाशाच्या त्या भागात असतो, म्हणून त्या दिवसांत मृगाचे तारे दिसत नाहीत. ते बघायचे तर जानेवारीत रात्रीच्या जेवणानंतर अंगणात या: बाणाचे तीन तारे एका ओळीत, आणि त्या ओळीच्या रोखाने पुढे लखलखणारा व्याध.

गोष्टी सांगताना एक पथ्य पाळा असं मला मनापासून वाटतं. १९८१ मध्ये ॲपल हा उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला फोटो आपण "किती गरिबीतून आलो" असं म्हणून दाखवतो. खरं कारण जास्त रंजक आहे: ॲन्टेनाच्या चाचणीत धातूच्या वाहनाचा अडथळा येऊ नये म्हणून लाकडी गाडी निवडली होती. मुलांना फोटो दाखवून आधी विचारा, बैलगाडीच का? तसंच चांद्रयान-२ चं. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याचा चंद्रावर उतरणारा भाग उतरताना कोसळला, ते आपण घाईने उरकतो. माझ्या मते वर्गात सगळ्यात जास्त वेळ त्याला द्यावा. त्यानंतर चांद्रयान-३ साठी शास्त्रज्ञांनी काय काय बिघडू शकतं याची यादी केली, यानाचे पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, आणि उतरायची जागा अर्धा किलोमीटर लांब-रुंद होती ती साधारण चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटर एवढी मोठी घेतली. ज्या मुलाचं गणित चुकलंय, त्याला ही यादी फार उपयोगी पडते. चूक कुठे झाली हे शोधणं हा कामाचाच भाग आहे, हे त्याला कळतं.

आता पैशांचा प्रश्न.

कार्यशाळा मी शेवटी ठेवीन. एका दुपारी तयार सुटे भाग जोडून रॉकेट उडवलं की आनंद होतो, पण त्यात मुलाला स्वतः काही बदलून बघता येतं का, हे आधी विचारा. उत्तर "नाही" असेल तर दोरीवर नळी ओवून तिला फुगा चिकटवा आणि सोडून द्या. फुगा मोठा केला तर काय होतं, दोरी तिरकी बांधली तर काय होतं, एका वेळी एकच गोष्ट बदलून मोजा. खर्च शंभर रुपयेही नाही.

दुर्बीण लगेच घेऊ नका. स्वस्त दुर्बिणींचे स्टँड हलतात, सत्तावीस मुलांची रांग लागते, दोघांना काही दिसत नाही, आणि महिन्याभरात ती कपाटात जाते. त्याऐवजी दहा बाय पन्नासची (दहापट मोठं दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगांची) चांगली द्विनेत्री घ्या. चंद्रावरची विवरं, कृत्तिकेतले तारे, आणि हात भिंतीला टेकवून स्थिर धरली तर गुरूचे चंद्रही दिसतात, तेच जे गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले. मोठी दुर्बीण एका रात्रीपुरती गावात येऊ शकते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था आहे. तिला, किंवा साताऱ्याजवळच्या अशा एखाद्या गटाला पत्र लिहून बघा. शहरातल्या निरीक्षकांना काळोखं आकाश शोधत बाहेर पडावं लागतं, तुमच्याकडे ते रोज फुकट आहे. ही गोष्ट गावाला ठासून सांगा. त्या रात्री पंचायतीने रस्त्यावरचे दिवे तासभर बंद ठेवले तरी पुष्कळ झालं. मुलांना घोंगड्यांवर बसवा, विंचू-काट्यासाठी जागा आधी झाडून घ्या, बॅटरीला लाल जिलेटिन कागद लावा.

पालकांना चंद्राच्या वह्या दाखवा. त्यात वेळेची बेरीज-वजाबाकी आहे, लांबी मोजणं आहे, दिशा आहेत, स्वतःच्या शब्दांत लिहिलेली वाक्यं आहेत. शिष्यवृत्तीच्या सरावाला दोन तास ठेवलेत तर त्यांनाही बरं वाटेल, आणि ते मागणं चुकीचं नाही. कोरडवाहू गावातल्या आईबापांना परीक्षेची काळजी वाटते ती उगाच नव्हे.

उरलेले पैसे सहलीला. पण ती फेब्रुवारीच्या अखेरीला काढा, चंद्राच्या वह्या भरून झाल्यावर. २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या सुमाराला पुण्यातली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था लोकांसाठी खुली असते, आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रातही मुलांना जाता येतं. या दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस प्रचंड अँटेना त्या परिसरात पसरलेल्या आहेत. त्या तारे बघत नाहीत, त्यांच्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. खोडद तुम्हाला लांब पडेल; पहिली-दुसरीच्या मुलांना एसटीचा तेवढा प्रवास झेपणार नसेल तर त्यांना पुण्यापर्यंतच न्या. दोन्हीकडे महिनाभर आधी पत्राने विचारून तारीख आणि वेळ पक्की करा. निघताना प्रश्नांची वही बरोबर घ्या आणि प्रत्येक मुलाने विचारायचा एक प्रश्न आदल्या दिवशी ठरवून ठेवा. तिथले शास्त्रज्ञ बोलायला उभे राहिले की मोठी माणसं पुढे येऊन मुलांच्या वतीने विचारू लागतात. तेवढं मात्र होऊ देऊ नका.